डॉक्टर मॅडम, आईला आधी विचारलंत म्हणून

डॉक्टर मॅडम, नमस्कार. समोर आले की मला नीट बोलता येत नाही, त्यात तुमच्याकडे बाहेर पेशंट ताटकळलेले असतात, म्हणून इथे लिहितेय.

आईची खालची दाढ काढून तीन वर्षं झाली होती आणि तिथलं हाड झिजून पार पातळ झालेलं. आधी एका दवाखान्यात गेलो तर "हाड कमी आहे, पावडर भरून इम्प्लांट टाकू" म्हणाले, कसली पावडर विचारलं तर "इम्पोर्टेड आहे, चांगली असते", विषय संपला. तुम्ही स्कॅन स्क्रीनवर लावून आईलाच मोजून दाखवलंत, हाड साडेतीन मिलिमीटर रुंद, इम्प्लांटचा, म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवायचा, स्क्रू चार मिलिमीटरचा, वर दोन्ही बाजूंना निदान एकेक मिलिमीटर हाड हवंच, म्हणजे आधी हाड वाढवायचं, मग इम्प्लांट.

आणि मग तुमचं लक्ष आईच्या गळ्यातल्या तुळशीमाळेकडे गेलं आणि तुम्ही म्हणालात, "आजी, हे कशापासून बनतं ते आधी सांगते, मग तुम्ही ठरवा."

ती वीस मिनिटं मी विसरणार नाही. स्वतःचंच हाड जबड्याच्या मागून काढता येतं पण दुसरी जखम होते, दान केलेलं माणसाचं हाड टिश्यू बँकेतून प्रक्रिया करून येतं, सगळ्यात जास्त वापरतात ते गायीच्या हाडाचं, त्यातलं बाकी सगळं काढून फक्त खनिज ठेवलेलं असतं, आणि चौथं सिंथेटिक, कृत्रिमरीत्या बनवलेलं, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट ही कॅल्शियमची दोन खनिजं, एक हळू विरघळतं, दुसरं लवकर. गायीचं वाईट नाही, खूप वर्षांचा अनुभव आहे, हेही तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत. आई गायीचं ऐकून गप्पच झाली होती, मग म्हणाली, "बाळा, मला ते शेवटचं चालंल."

तरी तुम्ही थांबला नाहीत. पावडर सिंथेटिक घेतली तरी वरून झाकायचा पडदा बहुतेक वेळा गायीच्या नाहीतर डुकराच्या कोलॅजनचा असतो, हे आम्हाला कुठून कळणार होतं? तुम्ही टेफ्लॉनच्या जातीतला पडदा निवडलात, तो नंतर काढावा लागेल हेही तेव्हाच सांगितलंत. आईला कधी कळलंही नसतं, आणि तरीही तुम्ही सांगितलंत, याचंच मला सगळ्यात जास्त वाटतं.

मिश्रीचं पण लिहायलाच हवं. चाळीस वर्षांची सवय, आम्ही सगळे सांगून थकलो होतो. तुम्ही न रागावता समजावलंत की तंबाखूने रक्तपुरवठा कमी होतो आणि नवीन हाडाला रक्तच लागतं. महिनाभर आधी डबी बंद, आणि मध्ये मध्ये तुमचा फोन, "आजी, आज किती दिवस झाले?" ती दिवस मोजून ठेवायची, तुम्हाला सांगायला.

ऑपरेशनच्या दिवशी तिच्या हातातून रक्त काढून ते मशीनमध्ये फिरवलंत आणि मला बोलावून ट्यूब दाखवलीत, वर पिवळसर पाणी, खाली लाल, मध्ये जेलीसारखा गोळा. तो बारीक कापून पांढऱ्या दाण्यांत कालवलात तेव्हा ते भिजवलेल्या साबुदाण्यासारखं एकमेकांना धरून राहिलं. पुढे दहा दिवस पेज आणि मऊ भात, जोरात चूळ भरायची नाही, मग सहा महिने थांबणं. पायी वारी मध्येच येत होती तर टाके काढून जखम पूर्ण भरेल अशा बेताने तुम्ही तारीख आधीच ठरवलीत, नाहीतर आई आलीच नसती. दुसऱ्या स्कॅनला रुंदी साडेसहा भरली. आईला तो आकडा पाठ आहे, शेजारणींना सांगते.

मग इम्प्लांट बसला आणि परवा त्यावर दाताची कॅप बसवून घरी आलो. इतकी वर्षं ती भाकरी दुधात कुस्करून खात होती, परवा तिने कडेचा जाड तुकडा मोडला, त्याच बाजूला घेतला आणि बराच वेळ चावत राहिली, काही बोलली नाही. मग म्हणाली, डॉक्टरीणबाईला पंढरपूरचा बुक्का आणि चुरमुरे द्यायचेत, ठेवलेत बाजूला. शनिवारी घेऊन येतो, अपॉइंटमेंट नाही, पाच मिनिटं द्या.