गेमबॉयमध्ये दिवा बसवलाय, बाबा

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

आधी सांगून टाकतो, मग काय रागवायचं ते रागवा. तुमचा तो हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, गेमबॉय, उघडला. बटणं साफ करायला म्हणून पुण्याला आणला होता, ती झालीच, पण पडद्यामागे एलईडीचा दिवाही बसवलाय. हवा तेव्हा लावायचा, नको तेव्हा बंद. शनिवारी ताई तिकडे येतेय, तिच्याबरोबर देतो.

बाबा, विचारलं असतं तर तुम्ही नकोच म्हणाला असता. "चाललंय ना, मग हात कशाला लावायचा?" हे आम्ही फ्रीजच्या वेळीही ऐकलंय. पण गणपतीत लाईट गेली तेव्हा तुम्ही माजघरात टॉर्च मानेखाली दाबून टेट्रिस खेळत होतात. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला, मान ही अशी वाकडी. मला ते बघवलं नाही. टॅबलेट आणून दिला तर त्यावर तुम्ही पंचांग ठेवता. बोटाला बटण लागल्याशिवाय खेळल्यासारखं वाटत नाही म्हणालात, तेही पटलं. मग राहिलं काय?

आणि हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. १९८९ साली गेमबॉय आला तेव्हा तो बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीचे इंजिनिअर गुनपेई योकोई यांनी रंग आणि दिवा दोन्ही टाळले, ते सेल वाचावेत म्हणून. त्याच वर्षी अटारी कंपनीचा लिंक्स आला, त्याला रंगही होते आणि दिवाही. त्याला ६ पेन्सिल सेल लागायचे आणि चार-पाच तासांत बसायचे. आपला ४ सेलवर किती दिवस जायचा ते आठवा. पुढे १९९८ साली कंपनीनेच गेमबॉय लाईट काढला, फक्त जपानात. त्याला दिव्याचं वेगळं बटण होतं. दिवा बंद ठेवला तर २ सेलवर वीसेक तास, लावला तर बाराएक. म्हणजे त्यांनाही सुचलंच की! तुम्ही आपला घेतलात त्या मस्कतच्या दुकानात तो दिव्याचा येणं शक्य नव्हतं, एवढंच.

पावसाळ्यातली ती गंमत अजून डोळ्यांपुढे आहे. लाईट गेली की टीव्ही बंद. गेमबॉय सेलवर चालू, पण अंधारात दिसायचं काही नाही. मी आणि ताई कंदिलाला इतके चिकटायचो की आई, तू वेणी मागे ओढायचीस. लाल दिवा मंद व्हायला लागला की ताई सेल काढून चावायची, दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तर ते पत्र्यावर वाळत घालायची. बाबा, तुम्ही सुट्टीवर आलात की मी तुमच्या मांडीत आणि गेमबॉय माझ्या हातात. लांब ठोकळा उतरायला लागला की तुम्ही "काठी आली रे!" म्हणून माझाच अंगठा दाबायचात. अजून कुठे टेट्रिस दिसला तरी मी मनात "काठी" म्हणतो.

आता काम कसं केलं ते, कारण तुम्ही उघडून बघणार आहातच. मागचे स्क्रू तीन पाकळ्यांचे आहेत, साध्या पेचकसाने काढू नका, घासतील. आत बोर्डावर ५ व्होल्ट मिळतात, एलईडीला ३ च्या आसपास पुरतात. उरलेल्या २ व्होल्टसाठी १०० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे २० मिलिअँपिअर. गणित तुम्हीच शिकवलेलं. सोल्डरिंगही तुमच्याच पद्धतीने, आधी तार तापवली, मग सोल्डर लावलं. स्विचसाठी डब्याला भोक पाडलेलं नाही. उजव्या कडेला दोन गेमबॉय जोडायच्या केबलचं सॉकेट होतं ना, ते काढून तिथेच सरकता स्विच बसवला. आपल्याकडे दुसरा गेमबॉय कधी नव्हताच. काढलेलं सॉकेट डबीत ठेवलंय, तेही पाठवतो.

एक गोष्ट मात्र मागे फिरणारी नाही. पडद्याच्या पाठीला चिकटवलेली चकचकीत फिल्म सोलावी लागली, नाहीतर उजेड पुढे येत नाही. ती पुन्हा लागत नाही. तिच्या जागी दिव्याची पट्टी आणि नवी पोलरायझर फिल्म, म्हणजे एकाच दिशेचा उजेड जाऊ देणारी, आहे. तिची दिशा चुकली तर चित्र निगेटिव्ह दिसतं, म्हणून फिरवून फिरवून जुळवली. दिवा बंद करून ओटीवर उन्हात बसलात तर दिसेल, पण पूर्वीपेक्षा जरा फिकं. जरासंच. बाजारात अख्खा रंगीत पडदा बदलून मिळतो, तो मी घेतला नाही. काच, पडदा, डाव्या कडेचं कॉन्ट्रास्टचं चाक, सगळं तुमचंच आहे.

आई, तुझा फायदा म्हणजे रात्री ट्यूबलाईट बंद ठेवता येईल. पडद्याचा उजेड फार नाही, तरी तुझ्या तोंडावर आला तर त्यांना कूस बदलायला सांग. आवाजाचं चाक खाली किंवा इअरफोन, हेही सांग. तुझं ते ऐकतात, माझं नाही.

सेल थोडे लवकर संपतील, म्हणून चार्ज होणारे ८ आणि चार्जर देतोय. ४ आत, ४ तयार. साधे सेल आत ठेवून विसरू नका. तिकडच्या दमट हवेत ते कधी गळतील ते कळणारही नाही. गळलेच तर कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसायचं, खरवडायचं नाही. टॉर्च खुंटीलाच राहू दे, ती न्हाणीघरात जायला लागते. चष्मा लावूनच खेळायचं आणि अर्ध्या तासाने उठायचं, नुसती मान फिरवून "उठलो" म्हणायचं नाही.

आणि बाबा, आता नीट दिसतंय म्हणून दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर, मग शिमग्यानंतर, असं चालणार नाही. ताई येईल तेव्हा तिच्यासमोर फोन करून तारीख घ्या. मी रजा टाकून ठेवतो.

तुमचा,
बाळा