वॉर्डातल्या सिस्टरांना

सिस्टर, नमस्कार.

अकरा नंबरच्या खाटेवरचे बाबा आठवतात का? निवृत्त एसटी कंडक्टर, हृदय कमजोर, त्याचं पंपिंग 30 टक्क्यांवर आलेलं, महिन्याभरात दुसऱ्यांदा ॲडमिट. पहिल्या वेळी, दुसऱ्या एका दवाखान्यातून निघताना, इंग्रजी कागद हातात पडला आणि "मीठ-पाणी कमी करा" एवढं कानावर. आम्ही माना डोलावून घरी आलो.

तुम्ही सांगण्याआधी विचारलंत. स्टूल ओढून बसलात. "लघवीची गोळी रोज घेता ना, काका?" हो म्हणाले. तुम्ही उठलाच नाहीत. मग हळूच कबुली आली, गावाला जायचं असलं की घेत नाही, गाडीत पंचाईत होते. (जन्म एसटीत काढलेला माणूस!) तुम्ही रागावला नाहीत. डॉक्टरांना विचारून आलात आणि त्या दिवसापुरती गोळी मुक्कामी पोचल्यावर घ्यायची, असं ठरवून दिलंत.

आई सैंधव आणायला निघाली होती. तेही मीठच, म्हणालात. आणि 'कमी सोडियम'वाल्या मिठात पोटॅशियम असतं, बाबांच्या गोळ्यांबरोबर ते धोक्याचं, म्हणून तेही नको. पाण्याचं तर फार सोपं करून टाकलंत: सकाळी दीड लिटरची बाटली भरायची, चहा-ताक-आमटी जेवढी पोटात जाईल तेवढं पाणी बाटलीतून काढून तुळशीला घालायचं.

घरी सोडायच्या दिवशी बाबांना म्हणालात, "मी तुमची सून. आता मला शिकवा. वजन कधी करायचं?"

"सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी."

"आणि 3 दिवसांत 2 किलो वाढलं तर?"

"जेवण कमी करायचं."

तुम्ही हसलात. ते वजन चरबीचं नव्हे, अंगात साठलेल्या पाण्याचं, हे पुन्हा पहिल्यापासून सांगितलंत. नडगीवर अंगठा दाबून पडलेला खळगाही दाखवलात. नाहीतर तो चुकीचा समज घेऊनच आम्ही घरी आलो असतो.

गणपतीत काटा 2 किलो पुढे गेला. फोन बाबांनी स्वतः केला. डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलला, आठवड्यात वजन जागेवर आलं, ॲडमिट व्हावं लागलं नाही.

कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी आता वजनाचे आकडे असतात. शेजारचे अण्णा ओट्यावर टेकले की बाबा त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून बघतात. लोणच्याची फोड मात्र अजून पूर्ण सुटलेली नाही. हे तुम्हाला कळवू नकोस, असं बाबांनी बजावलं होतं.

तुमची,
अकरा नंबरच्या काकांची खरी सून