गुहेतला दगड उचलू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

प्रागैतिहासिक गुहेत दगडी हत्यारे सापडल्याची बातमी आली की सोबत बहुधा तळहातावर ठेवलेल्या, धुतलेल्या दगडांचा फोटो असतो. मग ठाणे-नवी मुंबईहून ट्रेकला गेलेला एखादा उत्साही कपारीतली माती उकरून पाहतो आणि तिथेच त्या हत्याराचे वय कायमचे हरवते.

वय ठरते ते थरावरून. म्हणून एक मीटरचे चौकोन आखून, एका वेळी जेमतेम पाच सेंटिमीटर माती उतरवतात, वस्तू जागेवर असतानाच मोजमाप घेतात आणि सगळी माती बारीक जाळीतून चाळतात. मध्याश्मयुगातले, म्हणजे अश्मयुगाच्या मधल्या टप्प्यातले, दगडी पाते कधी कधी बोटाच्या पेरापेक्षाही लहान असते, घमेल्यातून सहज निसटते. पुरातत्त्वज्ञ वि. श्री. वाकणकरांनी १९५७ मध्ये शोधलेल्या, मध्य प्रदेशातल्या भीमबेटका गुहांत खालच्या थरांत हातकुऱ्हाडी आणि वर ही सूक्ष्मास्त्रे, हा क्रम अशाच कामामुळे कळला.

मातीतल्या वाळूच्या कणांवर शेवटचे ऊन कधी पडले, हेही मोजता येते. त्यासाठी लोखंडी नळी थरात आडवी ठोकून, दोन्ही तोंडे काळ्या प्लास्टिकने बंद करून नमुना नेतात. उन्हात उघडा पडलेला कण काही क्षणांतच निकामी होऊ लागतो. गुहेत आधीच उंदीर-साळिंदरांची बिळे असतात, गुराख्यांच्या चुलींची राख असते. कोळशावरूनही वय काढतात; वरचा कोळसा बिळातून खाली घसरला तर तारीख हजारो वर्षांनी चुकते. त्यात आपले खड्डे कशाला?

हे सगळे दूर कुठे घडते असेही नाही. येऊरच्या डोंगरापलीकडे, कांदिवलीत के. आर. यू. टॉड या संशोधकांना अश्मयुगीन हत्यारे मिळाली होती. त्यावरचा त्यांचा लेख १९३९ चा.

चर्ट किंवा अकीक अशा कठीण, गुळगुळीत दगडाची कपची दिसली, तिच्या एका टोकाशी मार बसल्याची जागा आणि त्याखाली किंचित फुगवटा असला, तर ती माणसाने काढलेली असण्याची शक्यता मोठी. ती न हलवता शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून फोटो घ्या, दुसरा फोटो गुहेच्या तोंडासह घ्या, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपा आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवा. समाजमाध्यमांवर ठिकाण टाकू नका. आठवड्यात तिथे कुदळी पोहोचतात.

आपणही अशा बातमीसोबत हत्यार मातीत असतानाचा, पट्टी ठेवलेला फोटो छापावा, ही कळकळीची विनंती.

आपले,
पुरातत्त्वाचे अभ्यासक, ठाणे (पश्चिम)