चाक पळायलंय, गाडी कुठं पळायलीय? टायरवाल्या काकांना पत्र

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही फोनवर काही वाचत नाही हे मला माहीत आहे. हे पत्र तुमचा नातू वाचून दाखवेल, त्याला तसं सांगून ठेवलंय. "नाव टाकू नको पोरी, दुकानाचंबी नको" असं म्हणालात, म्हणून दोन्ही टाकलेलं नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानणार आहे, कारण माझ्यासारखी पोरं-पोरी अजून त्याच चुकीवर पैसे घालवतायत.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत धावपट्टीवरच्या पाव मैलाच्या सरळ शर्यतीत (ड्रॅग रेसमध्ये) मी पहिल्यांदा माझी पोलो उभी केली. शेंद्र्याला कंपनीत नोकरी करून, हप्ते फेडून घेतलेली सेकंडहँड गाडी. १.० टीएसआय टर्बो पेट्रोल इंजिन, ११० पीएस ताकद, सहा गिअरची. हिरवा दिवा लागला, मी क्लच सोडला, टायर किंचाळले, धूर निघाला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मला वाटलं, जमलं. हातात वेळेची पावती आली तेव्हा पहिल्या ६० फुटांना २.९८ सेकंद आणि पाव मैलाला १७.४. शेजारच्या रांगेतली माझ्याहून कमी ताकदीची गाडी आवाज न करता निघाली होती आणि पुढेही गेली होती.

त्यावर मी काय केलं, तर ताकद वाढवली. एका मोठ्या शहरातल्या ट्यूनिंगच्या दुकानात रिमॅप करून घेतला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवली, वर १७ इंची अलॉय बसवले. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की गाडी कुठं कमी पडते. घरी येताना मोकळ्या सिग्नलला जरा जोरात निघाले, तर चाक आधीपेक्षा जास्त फिरलं. चाळीसेक हजार गेले होते.

तुमच्या दुकानात मी आले ती पंक्चर काढायला. तुम्ही ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात पाणी भरत होतात. मी उगाच बढाई म्हणून शर्यतीचा व्हिडिओ दाखवला. तुम्ही हात पुसले, फोन डोळ्याजवळ धरला, दोनदा पाहिला आणि म्हणालात, "चाक पळायलंय, गाडी कुठं पळायलीय?"

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्याच रात्री मी कागद घेऊन बसले. गाडी आणि मी मिळून साडेअकराशे किलो धरले. गाडी जोरात निघाली की वजन मागे सरकतं, नाक उचलतं. किती सरकतं हे गाडी किती जोरात निघते, तिच्या वजनाचा मध्य किती उंच आहे आणि दोन आसांमध्ये किती अंतर आहे यावर ठरतं. हिशेब केला तर पुढच्या चाकांवरचे सुमारे १०० किलो कमी झाले. डीएपी खताची दोन पोती! माझी गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. म्हणजे जोर जिथं लावायचा तिथलंच वजन नेमक्या त्या क्षणी उतरतं. आणि मी तिथं आणखी ताकद ओतत होते. दुसऱ्या दिवशी तुम्हाला कागद दाखवला तर तुम्ही ट्रॅक्टरच्या चाकावर थाप मारलीत. "मग हे पाणी कशाला भरायलो मी?"

नांगर लावला की ट्रॅक्टर जागेवर चाक फिरवतो, काळ्या रानात तर जास्तच. म्हणून मागच्या चाकात पाऊण भाग पाणी, रानात हवा कमी, रस्त्यावर जास्त. हे मी लहानपणापासून पाहत आले होते आणि मला कधी गाडीशी जोडता आलं नव्हतं.

मे महिन्यातले ते पाच रविवार मी विसरणार नाही. तुमची अट एकच होती: रस्त्यावर एकदाही नाही. बायपासवर रात्री शर्यती लावणाऱ्या पोरांचं काय होतं, हे तुम्ही दुकानात आलेल्या रिमांवरून ओळखता. तुमच्या मित्राच्या जिनिंगचं आवार मोकळं होतं, कापूस संपलेला, खाली सिमेंटचा कोबा. तुम्ही टेपनं ६० फूट मोजून खडूची रेघ मारलीत आणि पुढं थांबायला त्याच्या दुप्पट जागा सोडलीत. सकाळी सहाला सुरू, नऊला बंद, कारण त्यानंतर कोबा तापायचा आणि कालच्या आकड्याशी आजचा आकडा जुळायचा नाही. सकाळी २५ अंश असताना भरलेली हवा दुपारी ४२ अंशांना गाडी न हलवताही दोन-तीन पॉइंट चढलेली असते, हे तुम्हीच दाखवलंत. तेव्हापासून मी हवा थंड टायरलाच मोजते.

सुरुवात तुम्ही टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचून केलीत. माळ्यावर टाकलेले जुने १६ इंची मी परत आणले होते, तुमच्या सांगण्यावरून. १७ इंची चाक जड, त्याला फिरवायलाच जोर जातो, आणि बाजूची भिंत एवढी बुटकी की दबायला जागाच नाही, असं म्हणालात. पण जुन्या टायरवर लिहिलं होतं ४८१९, म्हणजे २०१९ सालचा ४८वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती. तुम्ही अंगठ्याचं नख रुतवायला पाहिलंत, रुतलं नाही. "नक्षी हाय, पण रबर वाळलंय. आपल्या उन्हात असंच व्हतं." पुढचे दोन टायर तुम्ही खरेदीच्या भावात दिलेत. पावती अजून माझ्याकडे आहे, त्यावर मजुरीचा रकाना कोरा आहे.

मग माउंटिंग, म्हणजे इंजिन जागेवर धरून ठेवणारं रबर. चाक फिरताना बोनेट थडथडायचं, मला वाटायचं ते ताकदीचं लक्षण. तुम्ही गाडी रॅम्पवर चढवून इंजिनाच्या खालच्या माउंटिंगमध्ये टॉमी (लोखंडी दांडा) घालून हलवलंत. रबर अर्धं फाटलेलं. इंजिन मागे झोके घेतं, चाक पकडतं-सोडतं-पकडतं, आणि गाडी जागेवर नाचते. आठ दिवसांत नवीन बसलं आणि थडथड गेली. ट्यूनिंगवाल्यांनी गाडी दोन दिवस ठेवून घेतली होती, त्यांच्या हे लक्षात आलं नव्हतं.

हवेचे प्रयोग मात्र सावकाश चालले आणि मला तेच सगळ्यात जास्त आवडले. मागे ३६ ठेवली, पुढे ३३ पासून खाली. ३०, २८, २६, २४. प्रत्येक आकड्याला तीन वेळा निघायचं, क्लचचा वास आला की दहा मिनिटं बॉनेट उघडून बसायचं. मी फोनवर सेकंदाला २४० चित्रांचा व्हिडिओ काढायचे आणि रात्री चाक हलल्यापासून रेघ ओलांडेपर्यंतची चित्रं मोजायचे. ३३ ला ३.३१ सेकंद. २६ ला सगळ्यात कमी. २४ ला वेळ पुन्हा वाढली, व्हिडिओत टायरची भिंत कपड्यासारखी चुरगळताना दिसली. तिथंच तुम्ही थांबवलंत. "आता याच्या खाली जायचं नाय. टायर रिम सोडंल." आणि दर रविवारी आवारातून निघण्याआधी चारही चाकांत हवा पूर्ववत भरल्याशिवाय तुम्ही मला गेटबाहेर जाऊ दिलं नाही. वाचणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं: कमी हवेची गाडी हायवेला आणायची नाही. टायर आतून तापतो आणि फुटतो.

दर खेपेला निघण्याआधी तुम्ही खराट्यानं दोन पट्टे झाडायचात. सरकी, कापसाची बोंडं, खडी. मला ते जास्तीचं वाटायचं. मग सांगितलंत की ट्रॅक्टरला डिफ लॉकचं, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं पेडल असतं, माझ्या गाडीला ते नाही. एका चाकाखाली धूळ असली की तेच फिरत राहतं आणि दुसऱ्या चाकाच्या वाट्यालाही तेवढाच कमी जोर येतो, कितीही चांगल्या जागेवर असलं तरी. म्हणून दोन्ही चाकं सारख्या जमिनीवर, आणि स्टिअरिंग अगदी सरळ. या जानेवारीत रेषेवर गाडी लावण्याआधी मी खाली उतरून दोन्ही चाकांपुढची जागा पाहून आले. आधीच्या गाड्यांचं रबर जिथं काळं उमटलं होतं त्याच पट्ट्यावर चाकं आणली. टायर धुवायच्या पाण्यात चाक घातलं नाही, कारण रस्त्याच्या टायरच्या खाचांत पाणी राहतं आणि थेट रेषेवर टपकतं.

पण सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही शिकवलीत ती पायाची. मी ४५०० आरपीएमवर क्लच झटक्यात सोडायचे. तुम्ही तरुणपणी शंकरपटात, म्हणजे बैलजोडीच्या शर्यतीत, धुरकरी (जोडी हाकणारे) होतात हे मला तोवर माहीत नव्हतं. २०१४ ची बंदी, मग २०२१ ला परत मिळालेली परवानगी, हे सगळं तुम्ही एका दमात सांगितलंत, आणि मग हळूच म्हणालात, "जोडीला हिसका दिला की बैल उसळतात, पळत नाहीत. कासरा सैल सोडायचा, पण सोडून नाय द्यायचा." सरळ दाण (पळायची पट्टी), एकटी जोडी, घडीवर मोजलेला वेळ. माझी शर्यत तुम्हाला माझ्याआधी कळली होती ती यामुळे.

मग २५००-२६०० आरपीएम, क्लच धरतो त्या जागी पाय रोखायचा, गाडी दोन-तीन हात सरकली की उरलेला सोडायचा आणि त्याच वेळी ॲक्सिलेटर वाढवत न्यायचा. टायर किंचाळला की चुकलं. एकदम गप्प राहिला तरी चुकलं. मधे एक आवाज असतो, कापड ओढल्यासारखा, खरखरीत. चाक जमिनीपेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त फिरतं तेव्हा कोरड्या रस्त्यावर पकड सगळ्यात जास्त असते हे मी नंतर वाचलं. तुम्ही तो आवाज आवाराच्या भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होतात आणि आल्यावर बोट वर करत होतात. शेवटच्या रविवारी बोट सलग चार वेळा वर गेलं. २.९४.

या जानेवारीची पावती सोबत छापून पाठवतेय. ६० फूट २.६१. हा आकडा आपल्या आवारातल्यापेक्षा कमी का, असं विचाराल म्हणून सांगते: तिथं घड्याळ चाक प्रकाशाच्या किरणातून बाहेर पडल्यावर सुरू होतं, तोवर गाडी थोडी सरकलेली असते. मी त्यासाठी किरणाच्या अगदी अलीकडच्या कडेला, गाडी रेषेवर आल्याचा दुसरा दिवा जेमतेम लागेल एवढीच पुढे गेले. हिरवा दिवा लागल्यावर मी किती उशिरा निघाले हे त्या वेळेत धरत नाहीत, त्यामुळे घाई करायचं कारणच नव्हतं. पाव मैलाला १६.८. स्टेपनी आणि जॅक तिथं पोचल्यावर काढून ठेवले होते, हायवेला बरोबर होते. रिमॅप मी एप्रिलमध्येच काढून टाकला होता. म्हणजे गेल्या वर्षीचीच ताकद, आणि सहा दशांश सेकंद कमी. पहिल्या ६० फुटांत जे वाचतं ते शेवटपर्यंत दीड-दोन पट होतं असं म्हणतात, मला ते माझ्याच पावतीवर दिसलं.

शिट्ट्या यंदा कुणी मारल्या नाहीत. मला तुमचं बोट आठवलं.

काका, तुम्ही पाच रविवार दिलेत. काकूंनी प्रत्येक वेळी डब्यात धपाटे आणि दही पाठवलं, त्यांनाही माझा नमस्कार सांगा. तुमचा हवा मोजायचा पितळी गेज माझ्याकडेच राहिलाय, ग्लोव्हबॉक्समध्ये फडक्यात गुंडाळून ठेवलाय. येत्या रविवारी घेऊन येते. आणि एक विचारायचंय: दुसऱ्या गिअरला टाकताना उजवं चाक अजून क्षणभर सुटतं, तेही दर वेळी नाही. व्हिडिओ आहे. तुम्ही एकदा पाहा.

तुमची,
पोलोवाली