छातीच्या एक्स-रेवरून ब्रेस्ट इम्प्लांटची मोजणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रेस्ट इम्प्लांटभोवती (स्तनात बसवलेल्या कृत्रिम पिशवीभोवती) होणाऱ्या दुर्मीळ लिम्फोमाची, म्हणजे लसीका पेशींच्या कर्करोगाची, बातमी आली की आजार झालेल्या महिलांचा आकडा छापला जातो. मुळात इम्प्लांट किती जणींना बसवलेले आहेत, हे मात्र कोणी लिहीत नाही. तो आकडा नसेल तर धोका मोठा की लहान, हे कोणीच सांगू शकत नाही.

खान्देशात शस्त्रक्रियांच्या नोंदी चाळून हा आकडा मिळणार नाही. नवापूरची महिला सुरतेला जाते, चाळीसगावची नाशिक-पुण्याला, आणि सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया सहसा विम्यातही बसत नाही. पण ती राहते इथे. खोकला, टीबीची शंका, ऑपरेशनआधीचा फिटनेस, नोकरीची तपासणी यांसाठी तिचा छातीचा एक्स-रेही इथेच निघतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी असेच एक्स-रे तपासून २० ते ७० वयोगटातील महिलांत इम्प्लांटचे प्रमाण ३.३ टक्के धरले. त्यावरूनच, इम्प्लांट असलेल्या सुमारे ६,९२० महिलांमागे एकीला वयाच्या पंचाहत्तरीपूर्वी हा लिम्फोमा होतो, असा हिशेब त्यांना २०१८ मध्ये मांडता आला.

एक्स-रेत इम्प्लांट दिसतो तो फुफ्फुसाच्या खालच्या भागावर पडलेल्या एकसारख्या पांढुरक्या गोलाईसारखा. त्याची वरची कड रेखीव असते. भरदार नैसर्गिक स्तनाची सावलीही तिथेच पडते, पण ती वर जाताना हळूहळू विरते. फसगत नेमकी इथेच होते. जुन्या इम्प्लांटभोवती कॅल्शियमची कड धरली असेल तर ओळख सोपी जाते. स्नायूखाली बसवलेला लहान इम्प्लांट मात्र सहज सुटतो.

म्हणून मोजणीआधी वाचणाऱ्याची परीक्षा घ्यावी. सीटी किंवा मॅमोग्राफीवरून खात्री झालेले, इम्प्लांट असलेले आणि नसलेले एक्स-रे एकत्र मिसळून दोन रेडिओलॉजिस्टना वेगवेगळे वाचायला द्यावेत. मतभेद झाला तर तिसऱ्याने पाहावे. समजा, इम्प्लांट असलेल्या १०० पैकी ७० ओळखले गेले आणि नसलेल्या १,००० पैकी ५ चुकून ‘आहे’ ठरले. आता २,००० महिलांच्या एक्स-रेत २० ठिकाणी इम्प्लांट दिसला, म्हणजे वरवर १ टक्का. त्यातून चुकीचे ०.५ टक्के वजा करायचे आणि उरलेल्याला ०.६९५ ने (ओळखीचे प्रमाण ०.७०० वजा चुकीचे ०.००५) भागायचे. खरे प्रमाण निघते सुमारे ०.७ टक्के. पण चुकून ‘आहे’ ठरणारे हजारी ५ ऐवजी १० असते, तर त्याच २० एक्स-रेंतून उत्तर शून्य आले असते! दुर्मीळ गोष्ट मोजताना थोडी चूकही सगळा निकाल गिळते. नुसते ‘इतके सापडले’ असे छापणे म्हणूनच धोक्याचे आहे.

नमुना निवडतानाही घाई नको. प्रमाण १ टक्क्याच्या आसपास असेल आणि उत्तर ०.४ टक्का इकडेतिकडे चालणार असेल, तर वाचनात चूक होत नाही असे धरले तरी सुमारे २,४०० महिला लागतात. एका महिलेचा एकच एक्स-रे घ्यावा. टीबीच्या उपचारात तो पुन्हा पुन्हा काढला जातो. आयसीयूत झोपवून काढलेले एक्स-रे वगळावेत, कारण त्या स्थितीत स्तन बाजूला सरकतात आणि सावली बदलते. कडेने कापलेल्या प्रतिमा नकोत, मोबाइलवर आलेले फोटो तर मुळीच नकोत. फक्त टीबी मोहिमेतले एक्स-रे घेतले तर सातपुड्यातली गावे जास्त येतील, फक्त शहरातल्या खासगी केंद्रांचे घेतले तर सुखवस्तू घरे. तेव्हा जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून, सरकारी आणि खासगी दोन्हींकडून, वयोगटानुसार चिठ्ठ्या टाकून निवड व्हावी. नाव-पत्ता काढून टाकावा, वय आणि तालुका ठेवावा, नैतिकता समितीची परवानगी घ्यावी. प्रतिमा सर्व्हरवर आधीच साठलेल्या असल्याने एकाही महिलेला नव्याने किरणोत्सर्ग द्यावा लागत नाही.

एवढे करूनही एक्स-रे इम्प्लांटची कंपनी सांगत नाही, त्याचे कवच खरखरीत की गुळगुळीत तेही सांगत नाही. आणि लिम्फोमाचा संबंध आहे तो मुख्यतः खरखरीत कवचाशी. अमेरिकेच्या एफडीए या औषध व वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेच्या सांगण्यावरून जुलै २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीचे खरखरीत कवचाचे बायोसेल इम्प्लांट परत मागवले गेले ते त्यामुळेच. ही माहिती शस्त्रक्रियेनंतर मिळणाऱ्या कार्डावर असते. ज्या महिलांकडे ते नसेल, त्यांनी सर्जनकडून कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्यावा.

जिल्ह्यातील एक्स-रे केंद्रांना आमची विनंती आहे: महिलेचा छातीचा एक्स-रे काढण्यापूर्वी, गर्भधारणेची शक्यता विचारता तशीच, इम्प्लांटचीही चौकशी बंद खोलीत, नातेवाइकांना बाहेर ठेवून करावी आणि उत्तर फॉर्मवर नोंदवावे.

आपले,
दोन रेडिओलॉजिस्ट, जळगाव