परिषद संगीतशिक्षणाची, तर मुलांनी ट्रॅकवर का गावे?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

संगीतशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदांच्या बातम्या आता मराठी वर्तमानपत्रांत वरचेवर येतात. बातमीसोबत उद्घाटनाचे छायाचित्र असते. त्यात समई, पाहुणे आणि मागे एकसारख्या पोशाखातली चाळीस-पन्नास मुले दिसतात. त्या मुलांनी काय गायले, कोणत्या सुरात गायले, याबद्दल एक ओळही नसते. बहुतेक वेळा ती गात नसतातच. आधी ध्वनिमुद्रित केलेल्या ट्रॅकवर ओठ हलवतात. समोर बसलेल्या माणसांचे आयुष्य मुलांचा गळा घडवण्यात गेलेले असते, त्यांना हे दुसऱ्या ओळीलाच कळते. म्हणून हे पत्र.

या क्षेत्रातली प्रमुख जागतिक संघटना म्हणजे आंतरराष्ट्रीय संगीतशिक्षण संस्था, ‘इस्मे’. युनेस्कोच्या पुढाकाराने १९५३ मध्ये ब्रुसेल्सला भरलेल्या परिषदेतून ती उभी राहिली. आता तिची जागतिक परिषद दर दोन वर्षांनी भरते. १९६४ ची परिषद बुडापेस्टला झाली आणि संगीतकार आणि संगीतशिक्षणाचे विचारवंत झोल्तान कोडाय यांच्या विचारांवर चालणाऱ्या हंगेरीतल्या गायनशाळांकडे जगभरच्या शिक्षकांचे लक्ष गेले. त्यातली पहिली शाळा १९५० मध्ये केचकेमेतला सुरू झाली होती. शिक्षकांनी तिथून काही नेले असेल, तर ते रोज गाणाऱ्या मुलांचे प्रत्यक्ष गाणे ऐकून नेले.

आपल्याकडेही हा धडा नवा नाही. १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली, त्यामागे संगीतशास्त्राचे अभ्यासक विष्णु नारायण भातखंडे होते. ब्रिटिश अधिकारी क्लेमेंट्स आणि सांगलीचे कृ. ब. देवल यांच्या श्रुती-हार्मोनियमवर (नेहमीच्या बारा स्वरांमधले सूक्ष्म स्वर वाजवण्याचा दावा करणाऱ्या पेटीवर) तिथे मोठा वाद झाला आणि वाद्याचा दावा गायकाच्या गळ्याशी ताडून पाहिला गेला. संगीत परिषदेत पुरावा कानांनी तपासायचा असतो, ही आपलीच परंपरा आहे.

संयोजक ट्रॅककडे का वळतात, हे समजण्यासारखे आहे. प्रत्यक्ष गाणे बिघडण्याची भीती असते. पण ते बिघडते त्याची कारणे मोजकी आहेत आणि जवळजवळ सगळी आदल्या दिवशी टाळता येतात.

पहिले आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे चुकीचा ‘सा’, म्हणजे गाण्याचा आधारस्वर. शिक्षक स्वतःच्या सोयीने काळी एक (हार्मोनियमच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी) धरतात. गाणे तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ‘ग’पर्यंत) जाणारे असेल, तर त्या ‘सा’ने मुलांना वरच्या सप्तकातली पांढरी चार गाठावी लागते. तिथे मुले गात नाहीत, ओरडतात. शिक्षिकेने तिच्या गळ्याची काळी चार धरली, तर उलटा प्रकार होतो. खालचे स्वर मुलांच्या गळ्यात उतरतच नाहीत आणि ती पुटपुटतात. आठ ते बारा वर्षांच्या मुलांचा समूह मधल्या सप्तकाखालच्या पांढरी सहापासून वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत मोकळा गातो. यापलीकडे एखादे मूल जाईल, समूह जाणार नाही.

तेव्हा आधी गाण्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर कागदावर लिहावा, मग ‘सा’ ठरवावा. गाणे मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला ‘प’) ते तार षड्ज (वरच्या सप्तकातला ‘सा’) असेल, तर ‘सा’ पांढरी दोन घ्यावा. खालचा पंचम पांढरी सहावर येतो, वरचा षड्ज पांढरी दोनवर. गाणे मध्य षड्जापासून तार मध्यमापर्यंत जात असेल, तर खालची पांढरी सहा हाच ‘सा’ धरावा. दोन्हीपेक्षा मोठ्या आवाक्याचे गाणे उद्घाटनाला घेऊच नये, ते कितीही आवडते असो. राष्ट्रगीताचा आवाका मंद्र निषाद ते तार षड्ज एवढाच आहे, तेही पांढरी दोनमध्ये नीट बसते. स्वागतगीतही त्याच सुरात बसणारे निवडले, तर मुलांच्या कानात सकाळपासून एकच ‘सा’ राहतो. (राष्ट्रगीताची ठरलेली वेळ सुमारे ५२ सेकंद आहे. घाबरलेली मुले धावतात, म्हणून तालमीत घड्याळ लावावे.)

दुसरे कारण तंबोरा-तबल्याचे. पांढरी दोनला मर्दानी (मोठा, पुरुषांच्या सुराचा) तंबोरा लागतो, पांढरी सहाला जनानी (लहान, स्त्रियांच्या सुराचा). मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण व्यासपीठावर तो तंबोरा अनेकदा शोभेलाच ठेवलेला असतो आणि आवाज यंत्राचा चालू असतो. खरा तंबोरा बेसूर होतो अशी तक्रार असते. तो होतो, कारण वाद्ये ग्रीनरूममध्ये नऊ वाजता लावलेली असतात आणि गाणे भाषणांनंतर साडेदहाला येते. मधल्या वेळात मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने तार प्रसरण पावून सैलावते आणि सूर उतरतो. त्याच उष्णतेने तबल्याची पुडी (वरचे कातडे) सुकून आवळते आणि सूर चढतो. एक खाली, एक वर, आणि मुले मधे अडकतात. पावसाळ्यात मुंबई-गोव्याकडे पुडी दमट हवेने उतरते, ती अडचण वेगळीच.

उपाय एकच. दिवे पूर्ण लावून वाद्ये वीस मिनिटे मंचावर मुरू द्यावीत आणि गाण्याच्या अगदी आधी तिथेच लावावीत. आधी जोड (‘सा’च्या मधल्या दोन तारा), मग खर्ज (खालच्या ‘सा’ची तार), मग पंचम. खुंटीने जवळ आणावे, बारीक फरक मणक्याने (तारेत ओवलेल्या मण्याने) काढावा आणि शेवटी जवारीचा दोरा (घोडीवर तारेखाली असलेला, नाद खुलवणारा) पाहावा. सूर बदलला की दोऱ्याची जागाही बदलते. तो घोडीवर केसभर मागेपुढे सरकवत गेले, की एका जागी तार एकदम उघडते. त्या एका जागेसाठी थांबण्याइतका वेळ वादकाला मिळायला हवा. थंड, कोरड्या हवेच्या देशात खुंट्या आकसून घसरतात, म्हणून खडूचा तुकडा सोबत ठेवावा. पाश्चात्त्य वाद्यवृंदाबरोबर एकत्र गाणे असेल, तर त्यांचा ‘ए’ (आपली पांढरी सहा) ४४० हर्ट्झचा आहे की ४४२, हे महिनाभर आधी विचारावे. युरोपात ४४२ सर्रास चालतो. तंबोरा, तबला तिथवर नेता येतात, हार्मोनियमचे स्वर त्या दिवशी हलवता येत नाहीत. ४४० चा हार्मोनियम ४४२ च्या वाद्यवृंदाशेजारी ठेवला, तर लांब धरलेल्या ‘ए’वर सेकंदाला दोन डोल (आवाजाचे हेलकावे) स्पष्ट ऐकू येतात. अशा वेळी हार्मोनियम बाजूला ठेवलेला बरा.

ध्वनिव्यवस्थेत हमखास होणारी चूक म्हणजे पुढच्या दोन मुलांच्या हातात माइक देणे. मग चाळीस मुलांऐवजी दोघेच ऐकू येतात. चाळीस मुले तीन ओळींत, प्रत्येकी अर्धा मीटर जागा धरून उभी केली, तर सुमारे सात मीटर रुंदी लागते. त्यांना दोन कंडेन्सर माइक पुरतात. ते पहिल्या ओळीपासून एक मीटर पुढे, मागच्या ओळीच्या डोक्यांहून थोडे उंच, मागच्या ओळीकडे रोखलेले आणि एकमेकांपासून किमान तीन मीटर दूर असावेत. याहून जवळ आणले, तर एकच आवाज दोन्हींत शिरून पोकळ ऐकू येतो. तंबोऱ्याचा माइक वेगळा ठेवावा आणि तो आवाज मॉनिटरमधून (मंचाकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून) मुलांना परत द्यावा. तंबोरा फक्त श्रोत्यांना ऐकू जातो आणि मुलांना नाही, तेव्हा कडेची मुले हळूहळू उतरत जातात.

थेट प्रक्षेपण असेल, तर आणखी एक गोष्ट. इस्मेची २०२२ ची परिषद महासाथीमुळे ऑनलाइन भरली. २०२४ ला हेलसिंकीत पुन्हा प्रत्यक्ष भेट झाली, तरी प्रक्षेपणाची सवय सर्वत्र राहिली आहे. बैठकांची सॉफ्टवेअर सलग चालणारा आवाज गोंगाट समजून कापतात, आणि तंबोरा तर सलगच वाजतो. म्हणून ‘ओरिजिनल साउंड’सारखी सोय चालू करावी आणि आवाज लॅपटॉपच्या माइकमधून न घेता मिक्सरमधून द्यावा.

दीपप्रज्वलन, सत्कार, स्मृतिचिन्हे यांना आमचा विरोध नाही. फक्त मुलांचे गाणे त्यांच्या आधी ठेवावे. तासभर गुडघे ताठ धरून उभे राहिलेले मूल गाऊ शकत नाही, कधी भोवळ येऊन खाली बसते. पाहुण्यांच्या खुर्च्या मंचावर न ठेवता पहिल्या रांगेत ठेवल्या, तर सात मीटरची जागाही मोकळी होते.

एक विनंती मात्र आग्रहाची. कार्यक्रमपत्रिकेत ‘तंबोरे लावणे, १० मिनिटे’ अशी ओळ छापावी आणि त्या वेळी पडदा उघडा ठेवावा. निवेदन नको, पार्श्वसंगीत नको. परदेशातून आलेल्या कितीतरी शिक्षकांनी चार तारा एकेक करून जुळताना कधी पाहिलेले नसते. खर्ज नीट लागला की तंबोऱ्यातून कोणीही न छेडलेला गंधार ऐकू येऊ लागतो. तो मुलांनाही ऐकू द्यावा आणि मग त्यांना ‘सा’ लावायला सांगावे.

आपले,
शालेय संगीतशिक्षक व ध्वनिसंयोजक,
सांगली-मिरज