समर लीगचा फॉर्म भरायच्या आधी एक प्रश्न विचारा, मॅच थांबवायचा हक्क कोणाकडे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या अंकात उन्हाळ्यातल्या फुटबॉल लीगबद्दल पालकांची मतं आली होती ती मी दोनदा वाचली. अर्धे म्हणतात आम्ही नाही का दिवसदिवस उन्हात खेळलो, काय झालं आम्हाला, आणि अर्धे म्हणतात पाठवूच नका, उष्माघाताने मुलं दगावतात. मला दोन्ही पटलं नाही म्हणून लिहायला बसले. माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, मिडफिल्डला खेळतो, तीन समर लीग खेळलाय, आणि तिसऱ्या लीगमध्ये जे झालं ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

त्या दिवशी त्यांच्या तीन मॅच होत्या. एकाच दिवशी तीन! शेवटची दुपारी दोनला, आर्टिफिशियल टर्फवर म्हणजे प्लास्टिकच्या गवतावर. सेकंड हाफला त्याने दोनदा बॉल सरळ समोरच्या टीमच्या पोराला दिला आणि मग हाफलाइनपाशी नुसता उभाच राहिला, मी हाक मारली तर माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी कोण ते त्याला आठवतच नाहीये. एवढ्या उन्हात दंडावर काटा आलेला. मी कोचना म्हटलं सर याला बाहेर घ्या, ते म्हणाले पाचच मिनिटं राहिलीत, बदली खेळाडू कोणी उरला नाहीये. रेफरी म्हणाले इंज्युरी असेल तर थांबवतो. आयोजकांच्या टेबलावर जो मुलगा बसला होता त्याला बिचाऱ्याला फक्त स्कोर लिहायला सांगितलं होतं. शेवटी मीच आत पळत गेले नि त्याला धरून आणलं. दुसऱ्या टीमच्या एका आईकडे बर्फाचा डबा होता, तिने न विचारता ओले टॉवेल बर्फात बुडवून त्याच्या मानेला, काखेत, डोक्याला लावले, आणि पंधरा-वीस मिनिटांनी तो नीट बोलायला लागला. नंतर डॉक्टर म्हणाले खेळताना मूल गोंधळल्यासारखं वागायला लागलं की एक मिनिटही वाट बघायची नसते, आधी थंड करायचं, बाकी सगळं नंतर.

रात्री मी त्याला विचारलं अरे चक्कर येत होती तर स्वतःहून बाहेर का नाही आलास. तर म्हणतो, आई, मी बाहेर आलो असतो तर पुढच्या मॅचला सरांनी बसवलं असतं.

माझं सगळं म्हणणं या एका वाक्यापाशी येऊन थांबतं. तेरा वर्षांच्या मुलाला आपण सांगतो, बरं नाही वाटलं तर सांग, आणि तो सांगणार नाही हे आपल्याला माहीत असतं. मग सांगायची जबाबदारी त्याच्यावर टाकायचीच कशाला?

त्यानंतर मी बरंच वाचलं. मला आधी वाटायचं की मुलांचं शरीरच उन्हाला कमी पडतं, त्यांना घाम कमी येतो वगैरे. आश्चर्य म्हणजे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचं, सन २००० मध्ये साधारण हेच मत होतं आणि २०११ मध्ये त्यांनी ते बदललं. पाणी नीट पीत असलेलं निरोगी मूल मोठ्यांइतकंच ऊन सोसू शकतं, त्रास होतो तो मुख्यतः झेपणार नाही इतकं खेळवल्याने, दोन खेळांच्या मध्ये पुरेशी विश्रांती न दिल्याने, पाणी कमी पडल्याने आणि अंगात उष्णता कोंडणाऱ्या कपड्यांनी. म्हणजे यातल्या बहुतेक गोष्टी वेळापत्रक करणाऱ्या मोठ्या माणसांच्या हातात आहेत! दुपारी दोनची मॅच माझ्या मुलाने नव्हती लावली.

आणि ऊन म्हणजे फक्त मोबाईलवर दिसणारा आकडा नव्हे. पळताना स्नायू जी ऊर्जा वापरतात त्यातली तीन चतुर्थांशाच्या आसपास नुसती उष्णता होऊन अंगात राहते, ती घाम वाळला की बाहेर पडते. हवेत दमटपणा असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि अंग आतून तापत जातं, त्यामुळे ३१ डिग्रीचा दमट दिवस ३६ च्या कोरड्या दिवसापेक्षा वाईट ठरू शकतो. यासाठी वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर नावाचं माप असतं, त्यात दमटपणा, थेट ऊन, वारा सगळं धरतात आणि दमटपणाचं वजन सगळ्यात जास्त असतं. हातात मावेल एवढं मीटर मिळतं त्याचं. आमच्या लीगमध्ये ट्रॉफ्या होत्या, फोटोग्राफर होता, मीटर नव्हतं. टर्फचं तर वेगळंच, कडक उन्हात त्याचा पृष्ठभाग ६० डिग्रीच्या वर जातो, पाणी मारलं की थोडा वेळ गार वाटतं नि परत तापतो.

मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये हे कधीच मान्य झालंय. २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझीलच्या फोर्तालेझाला नेदरलँड्स-मेक्सिको मॅच मध्येच थांबवून खेळाडूंना पाणी प्यायला वेळ दिला होता. २०२२ चा कतारचा वर्ल्ड कप तर उन्हामुळे सरळ नोव्हेंबर-डिसेंबरला नेला. २०२५ च्या क्लब वर्ल्ड कपला अमेरिकेतल्या सिनसिनाटीत जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबच्या बदली खेळाडूंनी उन्हामुळे पहिला हाफ बेंचवर न बसता ड्रेसिंग रूममधून बघितला. फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, त्या वेट बल्ब ग्लोब मापाने ३२ ही कूलिंग ब्रेकची रेषा धरली होती, तर खेळाडूंची संघटना फिफप्रो म्हणते की २६ पासूनच ब्रेक द्या आणि २८ च्या वर मॅच पुढे ढकला. (फिफाचे हे ३२ म्हणजे साध्या थर्मामीटरवरचे ३२ नव्हेत, ते त्याहून बरंच कडक असतं, लोक इथे गल्लत करतात.) हे पगारी, तयार, चोवीस तास डॉक्टर सोबत असलेले खेळाडू, त्यांच्यासाठी मॅच थांबते आणि आपल्या पोरांसाठी थांबत नाही?

एवढं सगळं लिहूनही मी लीगच्या विरोधात नाहीये. मुलाला पहिल्या दोन लीगमध्ये खूप मिळालं. सकाळी लवकर मॅच, छोटं मैदान, एका बाजूला सातच जण त्यामुळे प्रत्येकाच्या पायाला बॉल भरपूर लागायचा, पॉइंट टेबलचं टेन्शन नाही, सीझनमध्ये जे करायला घाबरायचा ते ड्रिबल, म्हणजे बॉल पायात ठेवून समोरच्याला चकवणं, त्याने तिथे करून बघितले. शिवाय घरात एसीत दोन महिने काढले आणि सीझन सुरू झाल्यावर एकदम दोन-दोन सेशन लावले तर ते जास्त धोक्याचं आहे, कारण शरीराला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात आणि उन्हाचे जास्त त्रास या सुरुवातीच्या दिवसांतच होतात. हळूहळू वाढवत नेलं तर उन्हात खेळायचं शरीर शिकतं. फक्त वर्षभर क्लबला खेळून परत समर लीग आणि त्यात सुट्टीच नाही असं करू नका, टाच नि गुडघे दुखायला लागतात या वयात. वर्षात दोन-तीन महिने तरी एका खेळापासून लांब राहा असं डॉक्टर लोक सांगतात ते उगाच नाही.

घरी बघायच्या गोष्टी पालकांनी बघाव्यातच. आदल्या दोन दिवसांत ताप किंवा जुलाब झाले असतील तर खेळवू नका, सर्दीची किंवा लक्ष लागण्यासाठीची काही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा कारण त्यातल्या काहींनी उन्हाचा त्रास वाढतो, झोप झाली नसेल तर तेही धरा. पाणी मॅचच्या आधीपासून थोडं थोडं, आणि तासन् तास घाम जाणार असेल तर नुसतं पाणी ढोसून चालत नाही, मीठही जातं घामातून.

पण आपण कितीही बाटल्या भरून दिल्या तरी मैदानावर मॅच थांबवायचा हक्क आपल्याला नसतो. त्यामुळे यंदा फॉर्म भरायच्या आधी मी आयोजकांना तीन प्रश्न मेल केले. मॅच किती वाजता आणि एका दिवसात एका टीमच्या किती? मूल कोसळलं तर बर्फाच्या पाण्याचा टब मैदानावर असेल का, आणि अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्याला त्यात बसवायचं हे कोणाला शिकवलंय? कारण अंगाचं तापमान ४० च्या वर गेलं तर पहिल्या अर्ध्या तासात ते खाली आणणं सगळ्यात महत्त्वाचं असतं. आणि तिसरा, मीटर बघून मॅच थांबवणारा माणूस कोण, त्याचं नाव सांगा, आणि तो कुठल्या टीमचा कोच किंवा आयोजकच नसावा, कारण मॅच रद्द झाली की त्यांचंच वेळापत्रक बिघडतं.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं चांगली आली, सकाळी नऊच्या आत सगळ्या मॅच, दिवसाला एकच, टबची सोय करतो म्हणाले. तिसऱ्याला लिहिलंय, परिस्थिती बघून सगळे मिळून ठरवू. त्या दिवशीही सगळे होते, कोच, रेफरी, टेबलावरचा मुलगा. मी परत मेल केलाय की मला एक नाव द्या. मुलगा रोज विचारतो, आई, उत्तर आलं का? फॉर्म भरून तयार आहे, सही करायची ठेवलीये.

आपली,
एक वाचक पालक